झगा घेऊन ईडन प्रेरीला

मिनिॲपोलिसच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी बॅग उघडली तेव्हा सगळ्यात वर पांढराशुभ्र झगा होता, त्यावर वीतभर लांबीचा लाकडी क्रूस, आणि खाली मेतकूट, भाजणी, लसणीची चटणी. माणूस धिप्पाड आणि कावलेला. त्याने चटणीची पुडी नाकापाशी नेली, मग त्याची नजर क्रूसावर गेली, आणि काय सांगू, त्याचा आवाजच बदलला. "फादर," तो म्हणाला, "हे मसाले तुमच्या चर्चच्या लोकांसाठी का?"

आता याला काय सांगणार? मी अविनाश जोगळेकर, राहणार पुणे, धर्माने आणि आडनावाने जो आहे तो उघड आहे, आणि गेली काही वर्षं एका मराठी मालिकेत फादर ऑगस्टीन होऊन पोट भरतो, हे सगळं इंग्रजीत, मागे रांग तटलेली असताना? मी मालिकेतलं ते मंद, करुणामय हसू हसलो आणि "फॉर फॅमिली" एवढंच म्हणालो. खोटं त्यात काहीच नव्हतं. त्याने बॅगेची चेन स्वतः लावून दिली. मेतकूट वाचलं.

झगा आणायला लावला माझ्या मुलीने, मृण्मयीने. ती आणि जावई निखिल ईडन प्रेरीत राहतात. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीत फादरचा एक प्रवेश मी करायचा असं तिने परस्पर कबूल करून टाकलं होतं. "बाबा, कॉश्च्यूम मस्ट आहे. झग्याशिवाय तुम्हाला कोण ओळखणार?" असं पोटची मुलगी म्हणाली. मी ते मनावर घेतलं नाही, पण विसरलोही नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. फादर ऑगस्टीन दिवसभर रिकाम्या चर्चमध्ये उभा असतो. त्याला दुसरं काम नाही. नायिका रडत आली की तो म्हणतो, "रडू नको माय चाइल्ड, प्रभू सगळा बघते." मराठी मोडकं बोलायचं, तशी दिग्दर्शकाची सक्त सूचना आहे. शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब आहे: काका सदैव बाटली घेऊन, काकू सदैव केक भाजत, मुलगी सदैव फ्रॉकमध्ये. या घरात मी कधी कुणाला भाजी निवडताना पाहिलं नाही.

ईडन प्रेरी गाव देखणं आहे. घरामागे तळं, तळ्यात बदकं, आणि ऑक्टोबरात मेपलची झाडं अशी लालभडक की डोळ्यांना खरं वाटत नाही. माणसं मात्र दिसत नाहीत. ती गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून दुसऱ्या गॅरेजमध्ये जातात. पहिल्या सकाळी मी पायी हिंडायला निघालो, तर एका बाईने गाडी थांबवून "तुम्ही ठीक आहात ना?" असं विचारलं. चालणं हे इथे संकटात सापडल्याचं लक्षण आहे.

माणसं भेटली ती इंडियन ग्रोसरीच्या दुकानात. मी कोथिंबीर हुंगत उभा असताना मागून आवाज आला, "फादर ऑगस्टीन?" वळून पाहिलं तर जीन्स, चौकड्यांचा शर्ट, हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, असा चाळिशीचा माणूस. विनय साळवे. मूळचा नगरचा, आठवडाभर कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि रविवारी इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा पाळक असतो (म्हणजे आपण ज्याला सरसकट फादर म्हणतो तो, प्रोटेस्टंट लोकांत फादर नसतात, पाळक असतात, आणि त्यांना बायकामुलं असतात, हे मला इतकी वर्षं झगा घालून ठाऊक नव्हतं).

"काका, एक फेव्हर मागू?" तो म्हणाला. त्याची आई त्याच्याकडेच असते. हृदयाची झडप बदलायचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलंय, तेही लवकर, नाहीतर काही खरं नाही. आणि आई साफ नाही म्हणते. "माझं ऐकतच नाही यार. म्हणते, जीन्समधला तू कसला पाळक! तुमचा एपिसोड मात्र एक सोडत नाही. परवा म्हणाली, त्या फादरने सांगितलं तर करीन. काका, तुम्ही एकदा या. झग्यात. तिला फक्त हो म्हणायला लावा." बोलता बोलता त्याने पिठाची पिशवी इतकी घट्ट आवळली की कोपऱ्यातून पीठ सांडायला लागलं.

घरी मृण्मयी भडकली. "बाबा, आजारी बाईंना फसवायचं? दॅट इज सो नॉट ओके!" पण खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या होत होत्या. आयुष्यभर सहायक भूमिका केल्या. आता एका माणसाचा जीव माझ्या अभिनयावर लटकला होता. असा रोल कोण सोडेल?

तयारी म्हणून रविवारी त्यांच्या उपासनेला गेलो, साध्या कपड्यांत. एका अमेरिकन चर्चचा हॉल त्यांना दुपारी मिळतो. मी अपेक्षेने गेलो होतो: मेणबत्त्या, ऑर्गन, एखादी रडणारी तरुणी. तर समोर पेटी, तबला, टाळ आणि घडीच्या खुर्च्या! बायका खणखणीत आवाजात गात होत्या, चाल ऐकून मी नकळत मांडीवर ठेका धरला. एका काकूंना मी हळूच विचारलं, कबुलीजबाबाची ती जाळीची खोली कुठे असते? "आमच्यात नसते हो ती," त्या म्हणाल्या, "बाथरूम हवी असेल तर डावीकडे."

विनयने आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. कुणाचा गुडघा, कुणाचा व्हिसा, कुणाच्या भावाची गेलेली नोकरी, सगळ्यांची नावं घेतली. आईचं नाव मात्र आलं नाही. मला ते खटकलं, पण तेवढ्यात जेवणाची हाक आली. एका बाजूला हॉटडिश (बटाटे, खिमा आणि चीज एकत्र भट्टीत घालून केलेली इथली भानगड), दुसऱ्या बाजूला नगरची शिपी आमटी (मसालेदार, झणझणीत डाळीची). मी हॉटडिशला नमस्कार केला आणि आमटीवर तुटून पडलो. केक कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी झगा चढवून मी साळव्यांच्या दारात उभा. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी पालापाचोळा गोळा करणं थांबवून टोपी काढली. मी त्यांनाही आशीर्वाद दिला, सवय झाली होती.

सुमतीबाई साळवे खिडकीपाशी आरामखुर्चीत बसल्या होत्या. सुती साडी, त्यावर विनयचा जुना स्वेटर, ओठ निळसर, श्वास उथळ. नजर मात्र धारदार. मी दोन्ही हात पसरले, मान तिरकी केली आणि तो आवाज लावला, "माय चाइल्ड..."

"चाइल्ड? ऐंशी ओलांडली मी," त्या म्हणाल्या. "बसा जोगळेकर."

मी विनयकडे पाहिलं. विनयने गालिच्याकडे पाहिलं.

"शेवटी नावं पळतात ना, ती वाचते मी. जन्मभर नगरच्या शाळेत मराठी शिकवलंय. तुमच्या त्या फादरसारखं मराठी माझ्या वर्गात कुणी बोललं असतं ना, तर बाकावर उभं केलं असतं."

"मग बाई, मला बोलावलंत कशाला?" माझा आवाज आपोआप जोगळेकरचा झाला होता.

"मी कुठे बोलावलं? मी नुसतं म्हटलं, तो फादर सांगेल तर करीन. मला वाटलं, हा म्हणेल, आई, वेडी का तू, मी आहे ना! तर हा गाढव खरंच तुम्हाला धरून घेऊन आला." धाप लागली म्हणून त्या थांबल्या, पण मास्तरीण ती, विषय सोडणार थोडीच! "आणि काय हो, तुमच्या मालिकेत आमच्या लोकांकडे कधी भाकरी थापत नाहीत? सगळे काका पितातच? बरं, ते जाऊ द्या. त्या फादरला आई नाही का? एवढी वर्षं बघतेय मी. एकदा तरी बिचाऱ्याला आईचा फोन यावा!"

"लेखक लिहीत नाहीत हो," मी कसाबसा म्हणालो.

"याचंही तसंच," त्यांनी विनयकडे बोट केलं. "सगळ्या मंडळीसाठी प्रार्थना. माझ्यापाशी आला की इन्शुरन्स, अपॉइंटमेंट, पार्किंग. हे ऑपरेशन निघाल्यापासून माझ्यासाठी एक शब्द नाही याच्या तोंडात. मी काय फाइल आहे?"

विनयने मान वर केली. "आई, मला होत नाही. तुझं नाव घ्यायला गेलो की रडूच येतं. लोकांसमोर पाळक रडला तर कसं दिसेल?"

"इथे कुठे लोक आहेत? हे जोगळेकर आहेत फक्त."

मला राग यायला हवा होता, आला नाही. बाई माझ्याकडे वळल्या. "आलाच आहात तर करा सुरू प्रार्थना." मी डोळे मिटले. "हे प्रभू," म्हणालो. "या तुझ्या लेकराला..." आणि संपलं. एवढ्यावर नेहमी संगीत सुरू होतं आणि कॅमेरा नायिकेवर जातो. इथे संगीत नव्हतं. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. इतका लाजिरवाणा शांत क्षण मी रंगमंचावरही कधी भोगलेला नाही.

मग विनय आईच्या पायांशी बसला आणि बोलायला लागला. त्याचं ते मिश्र इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. देवा, ही माझी आई हाय, म्हणाला. मला लय भ्या वाटतंय, म्हणाला. पुढचं मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं, पण ते सांगण्यासारखं नाही. ते आई, मुलगा आणि देव, त्या तिघांचं होतं. मी खिडकीबाहेरच्या मेपलकडे बघत राहिलो. माझे डोळे भरून आले आणि झग्याला रुमालाचा खिसा नसतो हे मला तेव्हा कळलं.

"आमेन," बाई म्हणाल्या, आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवूनच म्हणाल्या, "सांग त्या डॉक्टरला, येते म्हणावं. जोगळेकर, झगा काढा. आमटी सांडेल त्याच्यावर. जेवून जा."

दिवाळीचा प्रवेश मी केला, टाळ्याही मिळाल्या, पण माझं लक्ष नव्हतं. ऑपरेशनचा आणि माझ्या परतीचा दिवस एकच निघाला. विमानतळावरून विनयला फोन लावत राहिलो, तो उचलेना. पुण्याला उतरलो तेव्हा त्याचा मेसेज होता: ऑपरेशन झालं, पण आई अजून शुद्धीवर नाही. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज. तिसऱ्या दिवशीही काही फरक नाही, आणि मला सेटवर जावं लागलं.

लोक विचारतात, अमेरिका कशी वाटली? तळी छान आहेत, म्हणतो. बाकी मी पाहिली ती एक आरामखुर्ची. इतकी वर्षं ज्या माणसाचे कपडे घालून वावरलो, त्याच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो ते बारा-तेरा हजार किलोमीटर दूर जाऊन. नगर पुण्याहून मोटारीने तीन तासांवर आहे.

सेटवर तेच रिकामं चर्च, तीच नायिका, तेच रडणं. "रडू नको माय चाइल्ड," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. मी झगा वर करून आतल्या पॅन्टच्या खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि नायिकेला म्हणालो, "थांब हं जरा, आईचा फोन आहे." मग स्वच्छ मराठीत, "हो आई. हो गं, जेवलो. तू औषध घेतलंस का?"

नायिका रडायची थांबून हसली. दिग्दर्शक ओरडला, "सर, हे काय मध्येच? फादरला आई कुठून आली?" मी म्हटलं, सगळ्यांना येते तिथूनच. भाग संध्याकाळीच जायचा होता, पुन्हा चित्रीकरण करायला वेळ नव्हता. शिव्या घालत का होईना, त्याने ते ठेवलं.

दोन दिवस काहीच नाही. मग एका दुपारी विनयच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. आधी नुसता श्वास, मागे कसल्यातरी यंत्राची टिकटिक. आणि मग तो आवाज, बारीक झालेला, पण करडा:

"घेतलं हो बाळा, औषध घेतलं. तू जेवलास ना? मग झालं तर."