अर्धेलीने दिलेली पुस्तकं

कमलाक्षीबाय आमच्या गावच्या वाचनालयाची राखणदार. पेडण्याच्या आतल्या बाजूचं गाव, देवळाच्या आवारातली एक खोली, तिच्यात पुस्तकं. सकाळी गोठा आवरायचा, शेण टाकायचं, हात धुऊन वाचनालय उघडायचं. मी चिरेखाणीत चिरे काढून निवृत्त झालो. माणूस काम करतो की काम केल्यासारखं दाखवतो, हे मला लांबूनही कळतं. ही बाई काम करायची.

पुस्तकं सरकारकडून यायची. मागितली म्हणून नव्हे, वाटपात आली म्हणून. जनगणनेचे अहवाल, गॅझेटियर, काजूवरचे रोग, कोकणातली माती, संस्कृत व्याकरण, शिलालेख, कामगार कायदा, बाळंतपण, खाडीतली मासेमारी. मराठी जास्त; इंग्रजी, कोंकणी, थोडी पोर्तुगीजही. कथा-कादंबऱ्या नावाला. जाड पुस्तकाला कोणी हात लावत नसे. पण दर मे महिन्यात ती सगळी बाहेर काढायची. अंगणात एका चटईवर आमसुलं, दुसरीवर मिरच्या, तिसरीवर सरकारी अहवाल. पान न् पान उलटून ऊन द्यायची. कोणी पानाचा कोपरा दुमडला तर तोंडावर बोलायची.

"कोणूच वाचीना तें सुकयतें कित्याक?" शेजारीण मालती विचारायची.

"मिरच्यो तरी तूं सगळ्यो आजच खाता?"

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात गोवा राज्य झालं. त्याच दिवसांत देवळाच्या कमिटीने ठरवलं की खोली शेतकी सोसायटीच्या ऑफिसला द्यायची. बाबुराव कमिटीचे अध्यक्ष. घरचे सधन, चार म्हशी. माणूस वाईट नाही, पण रिकामी जागा बघवत नाही.

"कमलाक्षी, पुस्तकां रद्दीक घाल," ते म्हणाले. "म्हापशाचो मनीस येतलो, उखलून व्हरतलो."

"पावसाळो सरता तोवर खोली तुमका. पुस्तकां हांव भायर सांबाळतां. दसऱ्याक परत हाडटां. मागीर खोली म्हजी."

"सगळीं हाडशी?"

"सगळीं."

"एक जरी उणें पडलें, तर सगळीं रद्दीक. कबूल?"

देवळात पाच-सहा जण बसले होते. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "कबूल."

आता एवढी पुस्तकं पावसात ठेवायची कुठे? तिच्या घरात दोन खोल्या, एक गळकी. तिने गोठ्यातली रीत काढली. आमच्याकडे पाडी, म्हणजे लहान वासरू, अर्धेलीने देतात. जनावर एकाचं, चारापाणी, राखण दुसऱ्याची, मोठं झालं की दोघांचा वाटा अर्धा अर्धा. कमलाक्षीबायने पुस्तकं अर्धेलीने दिली. ज्याचं जे काम, त्याला ते पुस्तक. राखायचं, वाचायचं, हा घेणाऱ्याचा वाटा. दसऱ्याला परत आणून त्यातलं काहीतरी सगळ्यांना सांगायचं, हा वाचनालयाचा.

त्या साली मराठी की कोंकणी यावरून लोक एकमेकांच्या दारासमोरून जात नव्हते. हिने दोन्हीकडच्यांना पुस्तकं दिली. एकाने विचारलं, "आमच्या भाशेचीं वेगळीं लाय मगो." ती म्हणाली, "वाळवी भास बगून खायना." भटजींनी व्याकरण नेलं, सुईणीने बाळंतपण. मला चिऱ्याच्या दगडाविषयीचा अहवाल दिला. मी तो वाचला. चिरा काढताना हात दुखतात, अहवाल वाचताना मान. पण काम अर्ध्यावर टाकायची मला सवय नाही.

खाडीतल्या मासेमारीचं पुस्तक चोपडे गावच्या बाबलीकडे गेलं. बाबली मालतीचा भाऊ, खाडीत जाळं टाकणारा. पुस्तक मालतीनेच नेऊन दिलं. भावाला एवढंच सांगितलं, "कमलाक्षीबायन अर्धेलीन दिलां. बरें सांबाळ."

दसरा आला. देवळासमोर पुस्तकं जमू लागली. कोणी पिशवीतून, कोणी डोक्यावरून. काहींना धुराचा वास, एकावर मांजराची पावलं. सुईण म्हणाली, "पुस्तकांत लिहिलां तें हांव करतांच. एकूच नवें आशिल्लें, तें बरें आसा," आणि ते तिने सांगितलं. भटजी व्याकरणावर इतके बोलले की त्यांना बसवावं लागलं. बाबुराव मोजत होते. कमलाक्षीबाय त्यांच्या शेजारी उभी होती, मोजताना हलणारे त्यांचे ओठ बघत.

शेवटी बाबली आला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक त्याने पुढे केलं. बाबुरावांनी उघडलं.

"हें अर्धें."

"अर्धेंच तर," बाबली म्हणाला.

"आनी उरिल्लें?"

"घरा. अर्धेलीन न्हय दिल्लें? मागलीं पानां चित्रांचीं. चित्रां म्हजीं, अक्षरां वाचनालयाचीं. तुमका जास्त पानां गेल्यांत. फसयलां खंय?"

लोक हसायला लागले. बाबली हसला नाही. चित्रं सुरू होतात तिथे पुस्तक त्याने सुरीने सरळ कापलं होतं आणि कापलेली कड जाळ्याच्या दोऱ्याने शिवली होती. टाका घट्ट, एकसारखा. असं शिवायला एक संध्याकाळ पुरत नाही.

बाबुराव म्हणाले, "कमलाक्षी, एक उणें. अर्धें म्हळ्यार पुस्तक न्हय."

कमलाक्षीबायने पुस्तक हातात घेतलं. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. पानाचा कोपरा दुमडला तर बोलणारी बाई ती. मला वाटलं, आता बाबलीवर तुटून पडणार. पण बाबलीला चुकला म्हटलं तर पुस्तक गेलं, आणि त्याच्याबरोबर सगळीच गेली. ती बाबुरावांकडे वळली. मग म्हणाली:

"बाबुरावबाब, तुमची पाडी आमच्या गोठ्यांत वाडली. वांट्याक तुमका कितें आयलें?"

"अर्धें."

"उणें आयलें म्हणून तुमी म्हाका विचारलां?"

"ती पाडी गो! हें पुस्तक!"

"अर्धेली ती अर्धेली. बाबलीन आपलो वांटो घेतलो, म्हजो म्हाका दिलो. हिशोब पुरो."

"बरोबर आसा तिचें," मागून कोणीतरी म्हणालं. ते भटजी होते.

बाबुरावांनी पुस्तक परत मागून घेतलं. शिवण दोन बोटांनी ओढून बघितली. सुटली नाही. "शिवूंक येता रे तुका," ते बाबलीला म्हणाले. मग सोसायटीच्या माणसाकडे वळून, "टेबल भायर सोप्यार मांडा. पाऊस गेलो, आतां कितें भिजतलें!"

त्याच दिवशी आम्ही पुस्तकं आत लावली. सगळे गेल्यावर कमलाक्षीबाय मला म्हणाली, "कापलां तें म्हाका सोसना." बाबलीविषयी तेवढंच. पुढच्या पावसाळ्यात पुस्तकं दिली तेव्हा अर्धेली हा शब्द तिने काढला नाही. उसनी, म्हणाली.

त्या दसऱ्यानंतर मी ते मासेमारीचं अर्धं पुस्तक वाचायला घेतलं. दर दुसऱ्या पानावर लिहिलेलं, चित्र पाहा. चित्र चोपड्याला. मी कमलाक्षीबायला सांगितलं. ती म्हणाली, "चल, हांवूय येतां."

बाबली घराबाहेर जाळं सारखं करत बसला होता. आम्हाला बघून आतून आपला अर्धा भाग घेऊन आला. कमलाक्षीबायने वाचायचं, बाबलीने चित्र काढून पुढे धरायचं. तो दोनदा म्हणाला, "परत वाच." बाबलीची बायको हात पुसत येऊन उभी राहिली.

निघताना बाबलीने आपला भाग पुढे केला. "बाय, व्हर. दोनूय जोडून शिंवून दितां. तूं फकत वाचून सांगपाक म्हणिल्लें, तें म्हाका कळूंक नाशिल्लें."

तिने तो हातात घेतला. शिवण बघितली, पानं उलटली. मला वाटलं घेईल. तिला हवा होता, हे दिसत होतं.

"नाका," ती म्हणाली आणि परत दिला. "जोडलें तर बाबुराव म्हणटलो, दसऱ्याक उणें आशिल्लें. तुजो वांटो तूं सांबाळ. मे म्हयन्यांत मात भायर काडून सुकय."