पेव की पोती

११ जानेवारी १९३०, सकाळी आठ. गावच्या धान्यकोठाराचे दार उघडून मी आत शिरलो.

कोठार सामाईक ज्वारीचे होते. सुगीत प्रत्येक घराने खळ्यावरून आपला वाटा द्यायचा आणि आषाढात, घरचे दाणे सरले की, ज्याला गरज त्याने न्यायचे. गाव वलगावपासून दोन कोसांवर. मी अकोल्याला कापसाच्या एका जिनाचे गोदाम वीस वर्षे सांभाळले होते, म्हणून नवी ज्वारी कशात ठेवावी हे ठरवण्यासाठी पंचांनी मला बोलावून घेतले. गेल्या आषाढात पाच घरची माणसे येथून रिकाम्या हाताने परतली होती. कोठार माझ्या धाकट्या भावाकडे होते. ज्वारी किडली, असे त्याचे म्हणणे होते.

मार्ग तीन होते. पोत्यांना खाली फळ्या लागतात, भिंतीपासून हातभर अंतर लागते आणि वर टिनाचे छप्पर. बांबूच्या कणग्या घरोघरी विणता येतात; पण उंदरांना त्या दोन रात्री पुरतात. तिसरे पेव. जमिनीत खोल खड्डा, कडेने कडबा आणि भुसा, तोंडावर दगड, दगडावर माती. आत हवा नसल्याने कीड जगत नाही. मात्र एकदा उघडले की ओल शिरते, म्हणून चार-पाच दिवसांत सगळी ज्वारी बाहेर काढून वाटावीच लागते. हवी तेव्हा पायलीभर काढण्याची सोय त्यात नाही. मी पोत्यांच्या बाजूचा माणूस. किती फळ्या लागतील हे मनात योजूनच आलो होतो.

किडकी म्हणून बाजूला ठेवलेली चार पोती कोपऱ्यात होती. पंच आणि भाऊ माझ्या मागोमाग आत आले होते. मी एकात हात घातला. किडलेल्या धान्यातून हात काढला तर तो कोपरापर्यंत पांढरा होतो. माझा हात स्वच्छ निघाला. दाणा भरीव होता. पोती मात्र निम्मीच भरलेली होती, आणि तोंडाची शिवण नव्या सुतळीची.

दारात एक म्हातारी माळीण येऊन उभी होती. त्या पाच घरांपैकी एक तिचे.

"मोठा हुशार किडा हाय भाऊ आमच्या गावचा," ती म्हणाली. "पोत्याचं तोंड सोडते, खाते, अन् पुन्हा शिवून ठेवते."

पंच हसले.

"काकू, तुमी वांगे विका. कोठार मले पाहू द्या," भाऊ म्हणाला.

"वांगं किडलं तं दिसते तरी, बापू."

भावाचे नाव मी घेतले असते, तर त्याला त्या गावात तोंड दाखवता आले नसते. न घेता फळ्या सांगितल्या असत्या, तर पुढच्या आषाढात ती म्हातारी पुन्हा रिकामी परतली असती.

"पेव खणा," मी म्हणालो.

पंचांत एक मुसलमान शेतकरी होते, वयाने माझ्याएवढेच. "भाईसाब, पेवातल्या जवारीची भाकर वास मारते," ते म्हणाले. "बायको मलेच पेवात टाकीन."

"पेव उघडले की तो वास गावभर जातो. आणि तोंडावरचा दगड सहा माणसांशिवाय हलत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग भावाकडे. हसू ओसरले होते. "मंग पेवच," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.

काळी माती पाणी धरते. त्यामुळे दुपारी मी गावठाणातली पांढरी जमीन पाहिली आणि चावडीमागची उंचवट्याची जागा ठरवली. भाऊ मागे येऊन उभा राहिला.

"दादा, दोन पोत्याची जवारी सासऱ्याकडं गेली. त्यायच्या घरी काईच नव्हतं. मंग भेव वाटलं, म्हणून बाकीची तशीच शिवून ठेवली."

"या पाच घरी काय होते?"

तो खाली बसला.

"तुझ्या खळ्यावरची दोन पोती आज त्या पाच घरी जातील," मी म्हणालो. "तू स्वतः नेशील."

"लोक इचारतीन, काऊन आणली म्हणून."

"विचारतील."

"काय सांगू मंग?"

"ते तू ठरव."

मी मध्ये खुंटी ठोकली आणि दोरी बांधली. न सांगता त्याने खुंटी धरून ठेवली. मी दोरी ताणून राखेने पेवाचे वर्तुळ आखले. ते पुरे झाल्यावर तो उठला आणि बैल जुंपायला गेला. गाडी खळ्यावरून माळ्यांच्या आळीकडे वळलेली मी पाहिली.

गुरे परतण्याची वेळ झाली होती. आखलेली राख तुडवली जाऊ नये म्हणून मी बोराटीच्या काट्या तोडून आणल्या आणि वर्तुळाभोवती लावल्या.