मिस्टर कॅसिनो, नॉट ॲट होम

आधी चहा घ्या. हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही मला हुशार समजणं सोडून द्याल, आणि मग चहा विचारायची मलाच लाज वाटेल.

आम्ही तेव्हा लंडनजवळ वॉटफर्डला राहत होतो. दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. आई-बाबा नाशिकहून पहिल्यांदाच आले होते, सहा आठवड्यांसाठी. ऑफिसमधला एकजण म्हणाला, उत्तरेला समुद्रकाठी एक अवाढव्य, नावाजलेलं हॉटेल आहे. फॅमिली रूम, ब्रेकफास्ट, स्विमिंग पूल, सगळं स्वस्तात मिळतंय. मी लगेच बुक करून टाकलं. वेबसाइटचं दुसरं पान वाचलंच नाही. कॅसिनो दुसऱ्या पानावर होता.

त्यात काय एवढं, म्हणाल. तुम्ही आमच्या बाबांना ओळखत नाही!

बाबा म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. पत्त्यांचं भारी वेड, पण डावाला लावायचे ते चिंचोके. पैसे लावले की संपलं. एका नातेवाइकाच्या लग्नात मागच्या खोलीत पैसे लावून रमी चाललेली दिसली, तर हा माणूस वाढलेल्या पानावरून उठला आणि पुढच्या एसटीने घरी! इथे एसटी नव्हती, पण परतीचं तिकीट होतं, आणि ते अलीकडच्या तारखेचं करून मिळतं हे त्यांनी आल्या आल्या विचारून ठेवलं होतं. आई बिचारी पहिल्यांदा परदेशात आलेली. पुढे स्कॉटलंडला जायचं ठरलं होतं, त्यासाठी घेतलेल्या स्वेटरची घडीसुद्धा मोडली नव्हती तिने.

"बाबांना सांगून टाक," माझी बायको मंजिरी गाडीत हळूच म्हणाली.

"कशाला? कुठे दिसणार आहे त्यांना?"

गाडी वळली आणि समोर दिसला. लाल अक्षरं, माझ्यापेक्षा उंच. आमची इरा सात वर्षांची, वाचायला नुकतीच शिकलेली. ती कशाला गप्प बसते?

"आजोबा, ते बघा! सी-ए-एस... कॅसिनो! कॅसिनो काय असतो?"

आणि मी, शपथेवर सांगतो, काही विचार न करता म्हणालो, "मालकाचं आडनाव आहे. मिस्टर कॅसिनो. इटालियन आहेत."

मंजिरीने डोळे मिटून घेतले.

"असं?" बाबा म्हणाले. "बरं."

संपला की विषय! मी तर स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं पूलमध्ये उतरलो. आई-बाबा खोलीत वामकुक्षी घेत होते, निदान माझी तशी समजूत होती. तासाभराने वर गेलो तर खोली रिकामी! पत्त्यांचा कॅट नाही, चिंचोक्यांची पिशवी नाही. रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "दे वेंट इंटू द कसीनो, सर. विथ देअर पासपोर्ट्स."

आत शिरायला ओळखपत्र लागतं, आणि पासपोर्ट सतत जवळ ठेवा, हे मीच बजावलं होतं!

अंगावर हॉटेलचा पांढरा गाऊन, पायात एकच स्लिपर, अशा थाटात मी धावत सुटलो. कॅसिनोच्या दारात एका धिप्पाड गार्डने अडवलं. मी धापा टाकत म्हणालो, "माय फादर इज इनसाइड! ही डझंट नो इट्स अ कसीनो!"

"व्हॉट डझ ही थिंक इट इज, सर?"

"अ पर्सन."

"अ पर्सन?"

"ॲन इटालियन."

गार्डचा चेहरा एकदम मऊ झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "हाऊ लाँग हॅज ही बीन लाइक धिस?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण 'मी बापाला थाप मारली' हे परक्या माणसाला कसं सांगणार? शिवाय वाटलं, आजारी समजले तर चटकन बाहेर तरी आणतील.

"सिन्स येस्टरडे," मी म्हणालो.

झालं! त्याने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं. दुसरा गार्ड आला, फर्स्ट एडची एक बाई ब्लँकेट घेऊन आली, आणि आमची वरात आत निघाली.

बाबा आतल्या चहाच्या कोपऱ्यात बसले होते. शेजारी आई, समोर मॉरीन नावाची एक गोरी आजी. तिघांत 'नॉट ॲट होम'चा डाव रंगात आला होता. लहानपणी तुम्हीही खेळला असाल. हवं ते पान मागायचं, समोरच्याकडे नसेल तर तो म्हणतो, "नॉट ॲट होम!"

मॉरीनने बाबांकडे चौकटचा राजा मागितला होता. त्याच वेळी फर्स्ट एडवाली बाई बाबांपुढे गुडघ्यांवर बसली.

"हॅलो, लव्ह. डू यू नो व्हेअर यू आर?"

बाबांची नजर पानांवरच. "नॉट ॲट होम," ते म्हणाले.

"ओ, ब्लेस हिम," बाई म्हणाली. मग आईकडे वळली. "ॲन्ड व्हेअर इज युअर सन, माय लव्ह?"

आईला इंग्रजी येत नाही, पण आपली पाळी आली एवढं तिला कळलं. ती ठणकावून म्हणाली, "नॉट ॲट होम!"

दोन्ही गार्डांनी माना हलवल्या. बाईने ब्लँकेट उलगडलं. तेव्हा कुठे बाबांनी वर पाहिलं.

"निखिल? हा काय अवतार?"

गार्डने त्यांना अदबीने सगळं सांगितलं. बाबांनी पानं पालथी ठेवली, चष्मा पुसला आणि शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "आय ॲम अ रिटायर्ड टीचर ऑफ मॅथेमॅटिक्स. धिस इज अ कसीनो. इट इज रिटन आउटसाइड. वी केम फॉर टी. इट इज फ्री."

"देन हू इज मिस्टर कसीनो, सर?"

"दॅट," बाबा म्हणाले, "यू आस्क माय सन."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॉरीनसुद्धा.

बाबा मग हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "जुगार वाईट, हे तुला शिकवलं. खोटं बोलणं वाईट, ते शिकवायचं राहिलं वाटतं." बाकी काही नाही. परतीच्या तिकिटाचं नाव काढलं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरळ सांगितलं असतं, तर हा माणूस समजून घेणारा होता! आई गालातल्या गालात हसत चिंचोके मोजत होती.

आणि त्या बाईने? तिने ते ब्लँकेट सावकाश माझ्या खांद्यांवर घातलं.

पण फॉर्म भरावाच लागतो म्हणे, नियम आहे. पहिलाच रकाना होता, गोंधळलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव. बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. मधलं नाव, म्हणजे त्यांचं स्वतःचं, तेवढं गाळलं.