ऑरिनला पडलेलं एक मत

न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या गावात सरकारला शिव्या सगळेच घालतात, पण मनापासून घालणारा एकटा ऑरिन पेल्की. बर्फ पडला की सरकारी गाडीसाठी न थांबता तो माझ्या दारातला बर्फ काढून जायचा, न सांगता. यंदा तो वॉशिंग्टनच्या संसदेसाठी उभा राहिला. म्हणायचा, "निवडून आलो तर एकही नवा कायदा करणार नाही. जुने मोडता येतील तेवढे मोडीन आणि घरी येईन."

"आधी घरातला नळ दुरुस्त कर," त्याची बायको डेल्फीन चारचौघांत टोमणा मारायची. "सहा महिने गळतोय. निघालाय देश सुधारायला!"

मी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, माझं मत तुलाच. आणि मतपत्रिकेवर नेहमीच्याच पक्षापुढे खूण केली. मत वाया कशाला घालवायचं?

संध्याकाळी गावाच्या सभागृहात आमच्या गावातल्या मतांचे आकडे वाचून दाखवले. "ऑरिन पेल्की, एक." लोक हसले. मीही हसलो, हलकट मी! म्हटलं, त्याचं स्वतःचंच असणार.

ऑरिन सरळ माझ्याकडे आला. डोळे भरलेले. "वेंडेल, सत्ता मागणाऱ्या कुणावर माझा विश्वास नाही, म्हणून मी स्वतःलाही मत दिलं नाही. तू मात्र शब्द पाळलास."

त्याच्यामागे डेल्फीन उभी होती. तिची नजर माझ्यावर खिळलेली, आणि ते मत कुणाचं होतं ते मला कळलं.

"चल ऑरिन," ती म्हणाली, "तुझ्या मतदाराला आता घरी जाऊ दे."