पडद्यावरचं लुकलुकणं

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफ करावं. आज आनंदाच्या भरात घाईघाईनं लिहितेय.

सोनोग्राफीच्या काळ्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे बघ, बाळाचं हृदय!"

मागच्या खेपेला ठिपका हलतच नव्हता. त्याआधी माझ्या उलट्या एकाएकी थांबल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस गं बाई!" आणि हौसेनं त्यांनी तिसऱ्या महिन्याची चोरओटी भरली. रक्त गेलं नव्हतं, पोट दुखलं नव्हतं. वाईट बातमी घरच्यांनाच उशिरा सांगतात, तसं बाळाचं हृदय थांबल्याचं माझ्या शरीराला कोणी सांगितलंच नव्हतं. मी मात्र भरली कळशी उचलली म्हणून स्वतःला दोष देत राहिले.

आज धीर करून ते विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कळशीनं नाही गं होत तसं. बहुतेकदा गर्भाची घडणच मुळात चुकते. तुझं काही चुकलं नव्हतं."

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. "काय गं, बोल की!" मी त्यांचा तळहात उघडला आणि त्यावर बोटानं भरभर टकटक केलं. "असं चाललंय, आई," म्हटलं. त्यांनी मूठ घट्ट मिटून घेतली.