नदीवर गेलेला मशालजी

प्रत्येक महाकथेत एक माणूस असा असतो, की तो नसता तर आकाशातल्या ताऱ्यांनी आपापल्या जागा सोडल्या असत्या. हे वाक्य माझं नाही. ते प्राध्यापक देशमाने यांचं आहे. श्रीरामपुरात, सिस्टरच्या ओट्यावर, आणखी एका कांदाभज्याला हात घालताना त्यांनी ते उच्चारलं आणि ते एका मशालजीबद्दल होतं. सिस्टरनी भज्यांची ताटली त्यांच्यापासून जरा लांब सरकवली आणि म्हणाल्या, "तारे राहू द्या सर. तो माणूस घरी पोचला का, तेवढं सांगा."

सिस्टर म्हणजे मार्था भालेराव. सगळी हयात दवाखान्यात नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, म्हणून निम्मं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. उरलेलं निम्मं त्या निम्म्याचं ऐकून म्हणायचं. वाचण्याची त्यांची एक तऱ्हा होती. खूण म्हणून पुस्तकात जीभ दाबायची लाकडी पट्टी असायची आणि गोष्टीत कुणी जखमी झालं की त्यांची दोन बोटं नकळत त्या ओळीवर टेकायची, नाडी बघावी तशी. सेनापती पडला तरी बोटं जायची, घोडा पडला तरी जायची. एकदा ड्रॅगनला भाला लागला तेव्हाही गेली. मी हसलो तर म्हणाल्या, "हसतो काय? जीव हाय ना त्याला?"

पुस्तक होतं 'धूम्रनदीची बखर'. परदेशी कादंबरी, मराठीत आणलेली. चार जाडजूड खंड आलेले होते आणि पाचवा, शेवटचा, येणार येणार म्हणून गाजत होता. सिस्टरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसातून साखर किती निघते, तो उतारा मोजणारा माणूस. राक्षस, तलवारी, शाप यांच्याशी माझा संबंध नव्हता. "म्हणूनच तू वाच," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज सपक हाय. सर वाचतात तेव्हा गोष्ट बाजूला राहते, सरच ऐकू येतात."

मग रविवारच्या दुपारी आमचं मंडळ बसायला लागलं. देशमाने सर, केळीचे व्यापारी फिरोजभाई, सिस्टर आणि मी. घर पाटाच्या कडेला होतं. हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून काळी काजळी हवेत तरंगत यायची आणि उघड्या पानावर अलगद उतरायची. मळीचा गोड, आंबूस वास सगळीकडे भरून असायचा. त्या वासात, उन्हात, माझ्या सपक आवाजात एकेकाचे डोळे मिटायचे. मी वाचत राहायचो आणि थोड्या वेळानं कादंबरीतली नदी कुठली आणि ओट्याखालचा पाट कुठला, याची सरमिसळ व्हायची. पाण्यावरून नावा जात आहेत असं वाटायचं. मधेच फिरोजभाई डोळे न उघडता विचारायचे, "गड पडला का?" आणि सिस्टर डोळे न उघडताच सांगायच्या, "अजून न्हाई. झोपा तुमी."

आता मशालजी. पहिल्या खंडात गड पडतो तेव्हा राजपुत्र ताहेनला भुयारातून बाहेर काढणारा ओरम नावाचा एक मशालजी येतो. "पायाखाली बघा, मालक," एवढंच बोलतो. तिसऱ्या खंडात तो छावणीत दिसतो. "मी जरा नदीवर जाऊन येतो," म्हणतो. पान उलटलं की एकदम युद्ध सुरू झालेलं असतं आणि ओरम परत कुठंच नाही. पृष्ठांकसुद्धा तिथं उडी मारून सोळा पानं पुढं गेलेले.

यावर मंडळात किती रविवार गेले, ते सांगत नाही. फिरोजभाईंचं मत पक्कं होतं. "तो जुना राजाच हाय बघा. वेष पालटून फिरतोय. नायतर भुयाराची वाट नोकरमाणसाला कशी ठाऊक?"

"भुयाराची वाट नोकरालाच ठाऊक असते, फिरोजभाई," सिस्टर म्हणाल्या. "राजा कधी त्या वाटेनं गेल्ता?"

देशमाने सर आणखी खोल गेले. नदी म्हणजे काळ, मशाल म्हणजे ज्ञान, आणि ती सोळा न लिहिलेली पानं म्हणजे लेखकाचं मौन. "सोळा पानांचं मौन!" ते म्हणाले. "केवढं धाडस आहे हे!"

मी म्हणालो, "सर, छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्मा असतो. बांधणीत तो राहून गेला असेल."

देवळात चपला घालून शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं मंडळानं माझ्याकडे बघितलं. दुसरी प्रत मिळवून बघावी, असं त्यानंतरही कुणाला वाटलं नाही. श्रद्धावान माणसाला एक प्रत पुरते.

सिस्टरना मात्र ओरम राजा आहे की काळ आहे, याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच: तो पोचला का? त्यामागचं कारण त्यांनी एकदा मला एकट्याला सांगितलं. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात मिरजगावकडचा एक टेम्पोवाला वॉर्डात होता. बाजार समितीत माल भरेपर्यंत वेळ जात नाही म्हणून तो कादंबऱ्या वाचायचा. एका सकाळी त्याचं दुखणं वाढलं आणि त्याला नगरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. गाडीत ठेवताना तो म्हणाला, "सिस्टर, पुस्तक राहू द्या, येतो मी घ्यायला." पुस्तक म्हणजे 'बखरी'चा पहिला खंड. तो आला नाही. नगरला चौकशी केली तर कुणी नीट सांगेना. पुढं निवृत्त झाल्यावर त्या एस.टी.नं मिरजगावला जाऊन आल्या. त्या नावाचे दोन टेम्पोवाले निघाले. दोघंही ठणठणीत होते आणि दोघांनीही जन्मात पुस्तक हातात धरलेलं नव्हतं.

"आमच्याकडं माणूस येतो, आमी त्याचं सगळं करतो, आणि दारातून गाडी गेली की संपलं," सिस्टर म्हणाल्या. "पुढचं पान आमाला कुणी दाखवत न्हाई. दवाखान्यात न्हाई तर न्हाई. निदान पुस्तकात तरी कळू दे."

मागच्या पावसाळ्यानंतर त्यांचं हृदय थकलं. चार पावलं चालल्या तरी दम लागायचा. त्याच दिवसांत मी कारखान्याच्या कामाला नगरला गेलो होतो. स्टँडजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला 'बखरी'चा तिसरा खंड दिसला. उभ्याउभ्याच ते पान काढलं. सोळाही पानं जागेवर होती. वाचली, पुस्तक विकत घेतलं आणि परतीच्या गाडीत मी त्याकडे पुन्हा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा सिस्टर ओट्यावर खाटेवर पडल्या होत्या. पुस्तकाची जाडी हातानं चाचपून म्हणाल्या, "हे भरलेलं दिसतंय. वाच."

मी वाचायला लागलो. ओरम नदीवर जातो, इथपर्यंत नीट वाचलं. मग पानावर नसलेलं वाचायला लागलो. नदीपलीकडे त्याचं गाव होतं. दारात बायको उभी होती. त्यानं मशाल विझवून कोपऱ्यात ठेवली आणि तो जेवायला बसला.

सिस्टरची दोन बोटं पानावर आली. थोडा वेळ तिथंच राहिली.

"कधी गेला?" त्यांनी विचारलं.

"घरी जेवतोय, सिस्टर."

"अरे, वॉर्डाच्या दारात नातेवाइकांना आमी याच आवाजात सांगायचो. माझ्यापाशी चालायचं न्हाई ते. कशानं गेला?"

मी पान मागं उलटलं. "जुलाबानं. छावणीतलं पाणी खराब होतं. राजपुत्र रात्रभर त्याच्या उशाशी बसून होता."

सिस्टर कोपरावर उठून बसल्या. बऱ्याच दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढा रंग मी पाहिला नव्हता. "जुलाबानं? या पुस्तकात तीन जादूगार हाईत! हवेत उडतात, डोंगर हलवतात, आणि एकालाही मीठ-साखरेचं पाणी सुचलं न्हाई?" मग दम लागून परत आडव्या झाल्या. पाटाकडे बघत म्हणाल्या, "उशाशी कुणी तरी होतं ना?"

"होतं."

"मग बरं." डोळे मिटून त्या पुढं म्हणाल्या, "सरांना आणि फिरोजभाईंना सांगू नको. पेशंटचं दुखणं चारचौघांत सांगायचं नसतं. आणि आता ते बायकोचं परत वाच. जेवायला काय होतं?"

मी हुलग्याचे शेंगुळे सांगितले. त्यांना ते पटलं.

नाताळच्या आधी त्या गेल्या. झोपेतच. प्रार्थनासभेत देशमाने सर बोलले: सिस्टर नदीवर गेल्या आहेत, मशाल आपल्या हातात आहे, आणि शेवटच्या खंडात ओरम सिंहासनावर बसलेला आपण पाहू. फिरोजभाईंनी रुमालानं डोळे पुसले. नगरहून आणलेला खंड आमच्या घरी कपाटात आहे, आणि लाकडी पट्टी त्याच पानात आहे.

गेल्या महिन्यात पाचवा खंड आला. आम्ही तिघांनी तो सिस्टरच्या बंद घराच्या ओट्यावर बसून वाचला. ओरम त्यात नाही. ताहेन राजा होतो. राज्याभिषेकाला सात देशांचे राजे येतात, तुताऱ्या वाजतात, ड्रॅगन आकाशात घिरट्या घालतात, आणि सगळं शांत झाल्यावर नवा राजा उठून आपला पहिला हुकूम सांगतो: यापुढे सैन्याच्या छावणीत पाणी उकळल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही.

मंडळाला तो हुकूम फारच किरकोळ वाटला.