लीलाताईंची खुर्ची

हे लिहायला आजही लाज वाटते, तरी लिहिते. आम्ही दिल्लीच्या द्वारका भागातल्या नव्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा तिथे मेट्रो यायची होती. ऑफिसला चार्टर्ड बसनं जायचं, येऊन-जाऊन तीन तास. त्या हादऱ्यांनी माझी कंबर पार गेली. डॉक्टर म्हणाले, ‘पहले फिजियोथेरपी कीजिए. आराम न आए तो इंजेक्शन का सोचेंगे.’ मी दोन्ही टाळलं. ह्यांना म्हटलं, ‘एवढी वर्षं बाप्पाची सेवा केलीय, तो काय मला वाऱ्यावर सोडणार आहे?’ खरं कारण वेगळंच होतं.

सोसायटीतल्या आम्हा मराठी घरांचा मिळून एक गणपती बसायचा आणि अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं मी सांगायचे. आदल्या वर्षी पलीकडच्या ब्लॉकमधल्या लीलाताई घरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, ‘देवापुढे खुर्ची? सिनेमाला आलात की काय?’ बायका हसल्या. लीलाताई मुकाट्यानं खुर्ची मागे भिंतीशी घेऊन गेल्या. आता त्याच बायकांना माझी कंबर दुखते हे कुठल्या तोंडानं सांगणार?

म्हणून गोळी घेतली आणि मांडी घालून बसले. नवव्या आवर्तनाला कळ पार पायापर्यंत गेली. ‘बाप्पा, एवढं निभावून ने’ म्हणत कशीबशी एकवीस पुरी केली. आरतीला सगळे उठले; मला उठताच येईना. आणि मी काय करावं? चक्क डोळे मिटले, हात जोडले. कुणीतरी कुजबुजलं, ‘हळू! काकूंचं ध्यान लागलंय.’ आरती संपली, मी तशीच. पाठ घामानं भिजलेली. तेवढ्यात कुणाची तरी नवी सून येऊन माझ्या पाया पडली. शी! धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. मनात म्हटलं, बाप्पा, माझ्याच्यानं आता होत नाही, तूच काय ते कर. इतक्या वर्षांत त्याच्याशी असं कधी बोलले नव्हते.

कानाशी आवाज आला, ‘धरली ना कंबर? श्वास सोडा. घाई नको.’ लीलाताई होत्या. त्यांनी आपली खुर्ची माझ्यासमोर ठेवली, तिच्यावर हात टेकायला लावले आणि एकेक गुडघा करत मला उभं केलं. ‘फिजिओवालीनं शिकवलंय,’ एवढंच पुटपुटल्या. बाकी कुणाला काही बोलल्या नाहीत. मलाच राहवेना. त्या सुनेला हाक मारून म्हटलं, ‘अगं, ध्यानबिन काही नव्हतं. कंबर धरली होती माझी. आणि लीलाताई, गेल्या वर्षी मी जे बोलले...’ पुढे रडूच आलं.

‘बसा आधी,’ त्या म्हणाल्या, ‘प्रसाद घ्या.’

विसर्जनानंतर त्यांच्याबरोबरच फिजिओथेरपीला जाऊ लागले. इंजेक्शन घ्यायचं की नाही, ते डॉक्टरांवर सोपवलं. दुखणं पुरतं गेलेलं नाही, आटोक्यात आहे. लीलाताईंना त्या दिवशी बाप्पानं पाठवलं का, असं सोसायटीतल्या बायका मला विचारतात. काय सांगू? त्या तर आदल्या वर्षीही तिथेच होत्या. मीच त्यांना भिंतीशी बसवलं होतं.

आता आवर्तनं मी खुर्चीत बसून सांगते. बसताना दर वेळी मान खाली जाते. ती तशीच जाऊ दे, बाप्पा.